सत्कार आधी, मुलाखत मागाहून

"आणि हेमा, आभार तू मान," टिपणीस सर जिना उतरता उतरता म्हणाले. "थोडक्यात आटप. पाहुण्यांना गाडी गाठायची आहे."

"कसला कार्यक्रम आहे, सर?"

"अगं, आपल्या पारगावकरांचा छोटासा सत्कार. घरचाच कार्यक्रम." आणि ते खाली पोचलेसुद्धा.

सत्कार कशाबद्दल, हे मी विचारलं नाही. आमच्या विद्यापीठात ते कुणीच विचारत नसे. शाल-श्रीफळ हे तिथलं बारमाही पीक होतं. कुणी निवृत्त झालं की सत्कार, कुणी परदेशात जाऊन आलं की सत्कार; एका सहकाऱ्याचा मुतखडा पडला तेव्हाही आम्ही त्याला गुच्छ दिला होता. आणि आभार मानायचं काम कायम माझ्याकडे. भूगर्भशास्त्र विभागात मी एकटीच बाई. गळा नसल्यामुळे स्वागतगीतातून सुटले होते, आभारांतून सुटका नव्हती. विद्यापीठाचं नाव मात्र सांगत नाही, कारण पेन्शन अजून तिथूनच येते.

गणपतीचे दिवस होते. सभागृह गच्च भरलं होतं. प्रमुख पाहुणे म्हणून एक निवृत्त कुलगुरू आले होते. पारगावकर नवा सफारी घालून मधल्या खुर्चीत बसले होते. ते आणि मी दोघंही प्रपाठक, म्हणजे प्राध्यापकाच्या एक पायरी खाली. ते माझ्यानंतर तीन वर्षांनी नोकरीला लागलेले. मी व्यासपीठाच्या कडेला, आभार मानायच्या माणसाची खुर्ची असते तिथे, हातात नावांचा कागद घेऊन बसले होते.

टिपणीस सर बोलायला उठले. सर आमचे विभागप्रमुख आणि माझे पीएच.डी.चे गुरू. दगड हातात घेऊन कसा बघायचा, हे मला त्यांनी शिकवलं. ते म्हणाले, "येत्या एप्रिलात मी निवृत्त होतो आहे. विभागाची धुरा आता योग्य खांद्यावर जाणार, याचं समाधान आहे." टाळ्या झाल्या. मग पाहुणे उठले. "आपले नियोजित प्राध्यापक डॉ. पारगावकर," असं म्हणत त्यांनी शाल पांघरली.

मला आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. विभागात प्राध्यापकाची जागा एकच होती. जो प्राध्यापक होईल तोच पुढे विभागप्रमुख होणार होता. त्या जागेसाठी माझाही अर्ज होता, आणि मुलाखती पुढच्या आठवड्यात होत्या.

तेवढ्यात सूत्रसंचालकाने माझं नाव पुकारलं.

मी उठले. पाहुण्यांचे आभार मानले, सरांचे मानले, ध्वनिक्षेपकवाल्याचे, चहावाल्याचे मानले. मग जीभ आपोआप पुढे गेली. म्हटलं, "ज्या उमेदवारांच्या मुलाखती अजून व्हायच्या आहेत, त्यांनीही आजच्या सत्काराला आवर्जून उपस्थित राहून शोभा आणली, त्याबद्दल त्यांचेही आभार." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. पाहुणे तर जाताना म्हणाले, "छान बोलल्या हो बाई."

घरी आले ती तणतणतच. माझे यजमान विलास पाटबंधारे खात्यात होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, हे ऐकलं होतं. पण तुरीचं वरण करून जेवून ढेकर दिलेले हे पहिलेच. एवढी घाई कशाची होती त्यांना?"

"पितृपक्ष लागतोय ना. मुलाखती नेमक्या पितृपक्षात आल्यात. मग सत्कार कसा करणार?"

विलास हसत सुटले. मीही हसले. पण मला ती जागा हवी होती. मानासाठी हवी होती, ते कशाला नाकारू? पण त्याहून जास्त मुलींसाठी हवी होती. भूगर्भशास्त्र वर्गात शिकता येत नाही, डोंगरात मुक्काम करावा लागतो. मी लागण्यापूर्वी मुलींना मुक्कामाच्या सहलीला नेतच नसत. त्या वर्गात बसून दगडांची चित्रं काढत. मी भांडून त्यांना न्यायला सुरुवात केली आणि वर्षानुवर्षं नेलं. पारगावकरांचे गुडघे दुखत, ते येत नसत. "मुलींची जोखीम घ्यायचीच कशाला?" असं ते उघड बोलत. ते प्रमुख झाले की मुली पुन्हा वर्गात बसणार, हे दिसतच होतं.

"मग अर्ज मागे घेतेस?" विलासनी विचारलं.

"का म्हणून? जाते ना मुलाखतीला. बघू तरी काय विचारतात."

मुलाखतीला आम्ही तिघं होतो. मी, पारगावकर आणि अंबाजोगाईच्या एका कॉलेजातून आलेल्या डॉ. यमुना रणखांबे. त्या माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पहिला नंबर माझा लागला. समितीत पाच पुरुष, त्यांत एक टिपणीस सर.

"मिस्टर कुठे असतात?" अध्यक्षांनी सुरुवात केली.

"पाटबंधारे खात्यात."

"म्हणजे बदलीची नोकरी. मुलं?"

"दोन. एक कॉलेजात, एक शाळेत."

"हं. आता बघा, फील्डवर मुक्काम करावा लागतो. तंबूत राहायचं, डोंगर चढायचे. बाईमाणसाला जड नाही जात?"

"गेली कित्येक वर्षं मीच जाते आहे, साहेब. सरांना विचारा."

सर छताकडे बघत होते. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं. मग कुणीतरी माझं माहेर कुठलं ते विचारलं, आणि मुलाखत संपली. दगड हा शब्द कुणाच्या तोंडून निघाला नाही. रणखांबे माझ्याहूनही लवकर बाहेर आल्या. मी विचारलं, "काय विचारलं?" तर म्हणाल्या, "एस.टी.नं आलात का म्हणाले. हो म्हणलं. मग परतीची गाडी किती वाजता आहे म्हणाले." आणि पिशवी उचलून त्या गेल्या. पारगावकर आत गेल्यावर मात्र हसण्याचे आवाज बाहेरपर्यंत येत होते.

निकाल काय लागला ते सांगायला नको. मी तडक सरांच्या खोलीत गेले.

"सर, माझे शोधनिबंध जास्त, नोकरी जास्त, फील्ड तर सगळं माझंच. मग मी कुठे कमी पडले?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "हेमा, तू हुशार आहेस. माझी सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी. पण तुला घर आहे."

"पारगावकरांना घर नाही?"

"त्यांना बायको आहे," सर अगदी मायेने म्हणाले.

त्यांना त्यात वावगं काहीच वाटलं नव्हतं. दुष्ट माणसाशी भांडण सोपं असतं. सरांसारख्या सज्जनाशी कसं भांडायचं हे मला कळेना. म्हणून मी वकील गाठला.

अ‍ॅडव्होकेट रेहाना तांबोळी माझ्याच वयाच्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि पदराने डोळे पुसले. मला वाटलं रडल्या, तर त्या हसत होत्या. "मॅडम, लग्नाआधी बारसं केलेलं आहे यांनी. आता फक्त एवढंच सिद्ध करायचं, की बारसं याच बाळाचं होतं."

ते मात्र सोपं नव्हतं. शिक्षकांच्या तक्रारींसाठी वेगळं न्यायाधिकरण असतं, तिथे आमचा दावा उभा राहिला. बाई म्हणून मला डावललं आणि मुलाखत नावापुरतीच घेतली, असं आमचं म्हणणं. विद्यापीठाने उत्तर दिलं, की सत्कार प्राध्यापकपदाचा नव्हताच, डॉ. पारगावकरांच्या सेवेला वीस वर्षं झाली, त्याचा होता. निमंत्रणावर नुसतं 'सत्कार समारंभ' छापलेलं. सभागृहात दीडशे माणसं होती, पण साक्षीचं विचारलं तर एकालाही काही ऐकू आलेलं नव्हतं. कुणाला त्या दिवशी ताप होता, कुणी चहाच्या व्यवस्थेत होता. निवृत्त कुलगुरूंना तर कार्यक्रमच आठवेना. त्या आठवड्यात त्यांनी तशा पुष्कळ शाली पांघरल्या होत्या.

माझी उलटतपासणी विद्यापीठाच्या वकिलांनी मजेत घेतली. "त्या सत्काराला आपण हजर होता? आभारही आपणच मानलेत? म्हणजे आपल्याला सगळं मान्य होतं."

"साहेब, आभार मी चहावाल्याचेही मानले होते. म्हणून टपरी माझी होत नाही."

अध्यक्ष, म्हणजे तिथले न्यायाधीश, गालात हसले. पण हसण्यावर दावे जिंकले जात नाहीत. सगळं आता टिपणीस सरांच्या साक्षीवर येऊन ठेपलं. ते विद्यापीठाच्या बाजूने उभे राहणार होते.

"माणूस कसा आहे?" तांबोळीबाईंनी आदल्या दिवशी विचारलं.

"देवमाणूस."

"देवमाणसं साक्षीला फार वाईट, मॅडम. सगळे त्यांच्यावर विश्वास ठेवतात. त्यांना राग कशाचा येतो?"

मी विचार केला. सरांना राग येताना मी क्वचितच पाहिलं होतं. विद्यार्थ्यांनी दगडांचे नमुने हरवले तरी ते रागवत नसत. "नियोजन चुकलं असं म्हटलं की येतो," मी म्हणाले. "मुलीच्या लग्नात एका पंक्तीला भात कमी पडला. त्यांच्या साडूंनी ते नुसतं बोलून दाखवलं. सरांनी साडूंशी बोलणं टाकलं, ते अजून धरलेलं नाही."

तांबोळीबाईंनी कागदावर काहीतरी टिपून घेतलं. मग म्हणाल्या, "भात. बरं."

दुसऱ्या दिवशी सर साक्षीला उभे राहिले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"सर, सत्कार कशाबद्दल होता?"

"डॉ. पारगावकरांच्या सेवेची वीस वर्षं पूर्ण झाली, त्याबद्दल."

"ती कधी पूर्ण झाली?"

"जूनमध्ये."

"आणि सत्कार सप्टेंबरात?"

"पाहुण्यांची तारीख मिळत नव्हती."

उत्तर बिनचूक होतं. पढवलेलं होतं, पण बिनचूक. मला वाटलं, गेला दावा. तांबोळीबाईंनी मात्र मान डोलावली, जणू त्यांचं समाधान झालं.

"सर, आपण पंचांग पाळता?"

विद्यापीठाचे वकील उठले. "याचा दाव्याशी काय संबंध?" अध्यक्षांनी त्यांना बसायला सांगितलं.

"पाळतो," सर म्हणाले.

"मग एक विचारते, राग मानू नका. विभागात बोललं जातं, की टिपणीस सरांचं नियोजन म्हणजे नियोजन, पण शेवटच्या वर्षी चुकलंच. प्राध्यापकपदासारखं शुभ काम, आणि ते ऐन पितृपक्षात केलं. डॉ. पारगावकरांना पद मिळालं ते श्राद्धाच्या दिवसांत."

सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "कोण म्हणतं?"

"लोक म्हणतात. सरांना एवढं साधं ध्यानात राहिलं नाही, म्हणतात."

"लोकांना काय कळतंय? मुलाखतींची तारीख विद्यापीठ ठरवतं, ती माझ्या हातात नव्हती. पितृपक्षात येताहेत हे दिसल्याबरोबर मी सत्कार आधी उरकून घेतला. पाहुण्यांना स्वतः फोन केले. शुभ काम होतं ते शुभ दिवसांतच झालेलं आहे. मुलाखत काय, तो नुसता उपचार."

 विद्यापीठाच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. सर विजयी मुद्रेने इकडेतिकडे बघत होते. आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात यायला थोडा अवधी लागला.

टायपिस्टने मान वर करून विचारलं, "साहेब, 'उपचार' असंच लिहू?"

"लिहा," अध्यक्ष म्हणाले. "आणि 'नुसता'सुद्धा लिहा."

"मला आणखी काही विचारायचं नाही," तांबोळीबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

मला आनंद झाला, पण सरांकडे बघवेना. बाहेर व्हरांड्यात सर माझ्या अगदी शेजारून गेले. "तुझ्या वकीलबाई हुशार आहेत," एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. माझी गत साडूंसारखी झाली. एप्रिलात ते निवृत्त झाले, पण निरोप समारंभाला त्यांनी आभार मानायला दुसऱ्याला सांगितलं. इतकी वर्षं ज्या कामाचा कंटाळा केला, ते गेल्याचं मला त्या दिवशी वाईट वाटलं.

निकाल आमच्या बाजूने लागला. नेमणूक रद्द झाली. नवी समिती, बाहेरचे तज्ज्ञ, त्याच तीन उमेदवारांच्या पुन्हा मुलाखती; आणि या खेपेला मुलाखतीआधी प्रत्येकाने विभागासमोर एक व्याख्यान द्यायचं. विलासनी पेढे आणले. मी म्हटलं, "अजून मुलाखत व्हायची आहे." तर म्हणाले, "तुमच्या विद्यापीठाची पद्धतच आहे ना ही." मग मीही दोन पेढे खाल्ले. खरं सांगते, मनातून मी प्राध्यापक झाले होते. माझ्या लेखी उमेदवार होते ते एकटे पारगावकर, आणि पारगावकरांची मला भीती नव्हती.

माझं व्याख्यान चांगलं झालं. पारगावकरांचं वेळेत झालं. मग डॉ. रणखांबे उठल्या. त्यांनी खडू घेऊन फळ्यावर एक डोंगर काढला, त्याच्या पायथ्याशी दोन विहिरी काढल्या. "ही आमच्या काकाची विहीर. ही शेजाऱ्याची. मधे नुसता बांध आहे. काकाच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी, शेजारी कोरडा. गावात म्हणायचे, काकाचं नशीब. मला नशीब दाखवता येईना, म्हणून खडक बघितला."

मग त्या डोंगराच्या पोटात शिरल्या. लाव्ह्याचे थर, दोन थरांमधला लाल मातीचा पट्टा, त्या पट्ट्यावर अडून राहिलेलं पाणी कुठून वळतं, कुठे फुटतं. हे सगळं मला पाठ होतं. तेच तर मी शिकवत होते. पण मी ते डोंगराच्या बाजूने शिकवत होते, ही मुलगी पाण्याच्या बाजूने सांगत होती. मी पुढे सरकून बसले. कधी हात वर केला ते मला कळलंही नाही.

"पण तो लाल पट्टा मधेच तुटला तर?"

त्या वळल्या. चेहरा उजळला होता. "मॅडम, तिथंच तर मी अडकून पडले होते किती दिवस. सांगते." आणि खडू मोडेपर्यंत त्या काढत राहिल्या. मी वही काढून लिहून घेऊ लागले. शेजारी पारगावकर घड्याळ बघत होते. टाळ्या वाजल्या तेव्हा मी भानावर आले. त्या माझ्या विरुद्ध उभ्या आहेत हे मला मधल्या वेळात आठवलंच नव्हतं.

मग मुलाखत झाली. समितीने मला खडकांबद्दल विचारलं, फक्त खडकांबद्दल. एका प्रश्नाचं उत्तर मला आलं नाही. यजमान काय करतात, हे कुणी विचारलं नाही.

जागा डॉ. यमुना रणखांबे यांना मिळाली.

मी प्रयोगशाळेत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. इतके खेटे, इतकं बोलणं ऐकून घेणं, सर तुटले, आणि हाती काय? त्यात भर म्हणून पारगावकर दारात येऊन उभे राहिले. इतके दिवस ते माझ्याशी नमस्कारापुरतेही बोलत नव्हते.

"दुसानेबाई, झालं गेलं विसरा. ही बाहेरची बाई आपल्या दोघांच्या डोक्यावर आणून बसवली. दोघं मिळून दावा लावू. तुम्हाला आता अनुभव आहे."

मी तोंड पुसलं. "त्यांचं व्याख्यान ऐकलंत ना तुम्ही?"

"ऐकलं."

"मग दाव्यात काय लिहायचं?"

ते गुडघा चोळत गेले. त्या हिवाळ्यात रणखांबेबाई आणि मी मुलींना घेऊन डोंगरात मुक्कामाला गेलो. त्यांनी मला विचारून सगळं ठरवलं. मला काही सगळंच गोड लागत नव्हतं. प्रमुखांच्या खोलीवरची नवी पाटी दिसली की मी जिन्याच्या दुसऱ्या अंगाने जायची.

आणि एक दिवस टिपणीस सर विभागात आले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच. वाचनालयातून काहीतरी हवं होतं म्हणाले, पण वाचनालय खाली होतं आणि ते वर माझ्या खोलीत आले होते. खुर्चीत बसले. बराच वेळ खिडकीतल्या नमुन्यांकडे बघत राहिले.

"हेमा," शेवटी म्हणाले, "एवढी भांडलीस. माझी लाज काढलीस चारचौघांत. आणि खुर्चीत बसली दुसरीच. काय मिळालं तुला?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. म्हणून मीही खरं तेच सांगितलं.

"हरायला मिळालं, सर. तुम्ही मला त्या वेळी हरूसुद्धा दिलं नव्हतं."

 सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग हात टेकवून उठले.

"चल," म्हणाले, "तुमच्या त्या बाईंची ओळख करून दे."

आम्ही दोघं व्हरांड्यातून गेलो. मी दार लोटलं आणि म्हटलं, "सर, या डॉ. यमुना रणखांबे. आमच्या विभागप्रमुख." म्हणताना जड जाईल असं वाटलं होतं. थोडं गेलं, नाही असं नाही.